रिळाच्या तोंडाचे चार नग

पुष्पांजली कापगतेला गोंदियात लोक ‘इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मॅडम’ म्हणत आणि नवेगाव बांधात ‘देवचंदची नागपूरवाली’. ती नेमकं काय करते हे दोन्हीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. पाहुण्यारावळ्यांत विषय निघाला की तिची आई धुरपताबाई सांगायची, "पोरगी रेडिओचं काहीतरी करते." पुष्पांजलीनं ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण खरं सांगायला बसलं की समोरचा माणूस तिसऱ्या वाक्याला चहा पाहायला उठायचा.

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांसाठी ती प्रीॲम्प्लिफायर तयार करायची. किरणाचा एक कण सिलिकॉनच्या चकतीवर आदळला की चकतीत काही हजार इलेक्ट्रॉन सुटतात. काही हजार इलेक्ट्रॉन म्हणजे विजेच्या मापात जवळजवळ काहीच नाही. तेवढेच गोळा करून त्यांचा मोजता येईल असा इशारा बनवायचा, हे चकतीला चिकटून बसलेल्या पहिल्या सर्किटचं काम. त्या सर्किटचा स्वतःचाच गोंगाट जास्त असला तर कणाची हाक त्यात बुडून जाते. मग पुढे कितीही भारी यंत्र जोडा, बुडालेलं वर येत नाही. म्हणून सगळी मदार पहिल्या पायरीवर, आणि त्या पायरीवरच्या एका ट्रान्झिस्टरवर.

हे ज्याला समजलं असा घरात एकच माणूस होता, तिचा बाप. देवचंद कापगते धानाचा शेतकरी. चार गावांचे लोक त्याला बोलवायला यायचे ते मात्र तलावाच्या पाळीसाठी. पाळीतून पाणी कुठं झिरपतं हे तो पायातल्या वहाणा काढून, पाळीवरून चालत जाऊन सांगायचा. एकदा सुटीत ती घरी आली असताना त्यानं विचारलं, "का करून राहिली व तू नागपुरात? समजन असं सांग."

"थोडंसं पानी जमा करते, बाबा. लय थोडं. आन् भांडं झिरपू नये म्हनून पाहते."

देवचंदनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मोठं भोक असलं तं बरं," तो म्हणाला. "ते दिसते. झिरप दिसत नाई, बाई. पायालेच लागते."

पुढे ती शिकवायला लागली तेव्हा हे वाक्य वर्गात सांगायची. बापाचं आहे म्हणून मात्र सांगायची नाही.

नागपूरच्या एका संशोधन संस्थेत तिनं सहा वर्षं काढली. तिथले इंद्रकुमार बिसेन सर गोंदियाजवळच्या कामठ्याचे, म्हणजे घरचेच म्हणायचे. त्यांनी तिला पहिल्या दिवशी एक सर्किट हातात दिलं आणि सांगितलं, "यात काय चुकलंय ते शोध. मला माहीत आहे, पण सांगणार नाही." तिला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवसापासून सर तिला अहोजाहो करायचे सोडून "अगं" म्हणायला लागले. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी पदवी.

मग २०१३ साली देवचंदला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भाऊ ओमेश पुण्यात. त्याची नोकरी सुटण्यासारखी नाही आणि हिची सुटण्यासारखी आहे, हे घरात कुणी तोंडानं बोललं नाही, पण ठरून गेलं. लग्नाचं तर आधीच राहून गेलं होतं. पुष्पांजलीनं गोंदियाजवळच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात नोकरी धरली. आठवडाभर गोंदियात भाड्याची खोली, शनिवारी बल्लारशाची पॅसेंजर धरून गाव.

तिला वाटलं होतं, संपलं आता. पण इंद्रकुमार सरांनी दोर सोडला नव्हता. दोन वर्षांनी त्यांच्या संस्थेला एका मोठ्या प्रयोगातला वाटा मिळाला. दोनशे छप्पन्न सिलिकॉन चकत्या, आणि प्रत्येकीमागं एक प्रीॲम्प्लिफायर. सरांनी समितीपुढं सांगितलं, हे सर्किट गोंदियात बनेल. लोक हसले म्हणे. सर हसले नाहीत.

महाविद्यालयानं दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दिली आणि सोबत प्रयोगशाळा सहायक दिला, रत्नपाल शहारे. वय अठ्ठेचाळीस. पूर्वी गोंदियाच्या बाजारात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवरचे चपटे टीव्ही आले, दुकान बसलं, तो कॉलेजात लागला. चौदा एप्रिल आणि चौदा ऑक्टोबर सोडले तर त्यानं कधी सुटी घेतलेली कुणाला आठवत नाही. त्याचे हात असे होते की पुष्पांजलीनं पहिल्यांदा त्याला डाग देताना पाहिलं तेव्हा ती बोलता बोलता थांबली. डाग देणं म्हणजे पातळ कथलानं सुटे भाग सर्किटच्या पाटीवर जोडणं. कणभर कथील, क्षणभर आच, आणि पुढचा.

"कुठं शिकले हो रत्नपालभाऊ?"

"शिकाले कोन शिकवते, मॅडम? लोकाईचे टीव्ही बिघडवून शिकलो."

दोन वर्षं ती त्या सर्किटशी झुंजली. ट्यूबलाइटचा गोंगाट आत शिरायचा, पंख्याचा शिरायचा, पाटीवर बोट लागलं तर बोटाच्या घामातून वीज गळायची. रत्नपाल पाटी धुवायचा, वाळवायचा, चिमट्यानं उचलायचा. शेवटी ऑगस्ट २०१७ मधल्या एका दुपारी किरणोत्सर्गी अमेरिशियमचा इवलासा नमुना चकतीसमोर ठेवला, आणि पडद्यावर जी रेघ यायला हवी ती आली. सडपातळ, टोकदार, एकटी. तिनं आकडा काढला. गोंगाट दोनशे ऐंशी इलेक्ट्रॉन. पुन्हा काढला. तोच.

तिनं सरांना फोन लावला.  सर म्हणाले, "परत सांग."

तिनं परत सांगितलं. फोन ठेवला तेव्हा रत्नपाल दारात उभा होता. "चांगलं आलं का, मॅडम?"

"लय चांगलं आलं, भाऊ."

"मंग तुमी रडून काऊन राहिल्या?"

त्या शनिवारी तिनं खाटेवरच्या बापालाही सांगितलं. देवचंदनं तिच्याकडं पाहिलं. त्याला कळलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. त्या थंडीत तो गेला.

मात्र त्याआधीच, ती रेघ आल्यावर दोन महिन्यांनी, तिनं तो ट्रान्झिस्टर बनवणाऱ्या कंपनीची सूचना वाचली. कंपनी तो बनवणं बंद करणार होती. तांदळाच्या कणीएवढा एक काळा तुकडा, जगात एकच कारखाना तसा बनवायचा, आणि कारखान्याला तो परवडेनासा झाला होता. पुष्पांजलीचं सगळं सर्किट त्या एका तुकड्याभोवती विणलेलं. दुसरा घालून पाहिला तर गोंगाट दुप्पट.

तिनं त्याच दिवशी संस्थेला लिहिलं: तीनशे नग आत्ता घेऊन ठेवा, नंतर मिळणार नाहीत. संस्था सरकारी पैशावर चालणारी. तीन दरपत्रकं हवीत. एकाच कंपनीचा माल का, याचा खुलासा हवा. खुलासा दिला, तो एका टेबलावर तीन आठवडे राहिला. कुणाची बदली झाली. फाईल पुन्हा पहिल्यापासून. सर स्वतः मजले चढून सह्या आणत होते, आणि निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष उरलं होतं. अकरा महिन्यांनी खरेदीचा हुकूम निघाला तेव्हा कंपनीचा साठा संपला होता. माल दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून आला. डिसेंबर २०१८, एक रीळ, तीनशे नग.

सगळ्या पाट्या मार्चअखेर नागपूरला पोहोचायच्या होत्या.

जानेवारीतल्या एका सकाळी रत्नपालनं रीळ उघडलं. सिनेमाच्या रिळासारखी प्लास्टिकची पट्टी, तिच्यात खळगे आणि प्रत्येक खळग्यात एक नग. त्यानं भिंगाखाली पट्टी धरली. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"मॅडम, याचे पाय पाहा."

तिनं पाहिले. ट्रान्झिस्टरचे तीन पाय, चकचकीत.

"चमकून राहिले ना?" रत्नपाल म्हणाला. "नवा माल इतका चमकत नाई. हे कोनं तरी वरून कथील चढवल्यावानी दिसते. बाजारात असं करते, जुना माल उकरून काढते आन् नवा करते. मी दुकानात पाहिलं हाय."

"वेगळ्या बॅचचे असतील, भाऊ."

"असतीन. तपासून घेऊ ना."

मग तिनं तपासले. रिळाच्या तोंडाचे चार नग काढले, एकेक सर्किटमध्ये बसवले आणि तीन दिवस मोजले. चारही उत्तम. ऑगस्टातल्यासारखेच. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला.

रत्नपालचा उतरला नाही. "हे तोंडाचे झाले. मधातले चार काढू. बाजारात वांगेवाली बी वरच्या थरात चांगले वांगे ठेवते, मॅडम."

"मधले काढायचे म्हणजे आणखी तीन दिवस. दोनशे छप्पन्न बसवायचे आहेत, रत्नपालभाऊ. अडीच महिने आहेत."

"तं एक काढू. एकच. नाई तं फक्त फडक्यानं पुसून पाहू, वरचं छापील निघते का म्हनून."

"नको म्हटलं ना."

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी अशा आवाजात बोलली नव्हती. रत्नपालनं भिंग खाली ठेवलं. "तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला.

वेळ नव्हता हे खरं होतं. पण पुसून पाहायला दोन मिनिटं लागली असती, आणि दोन मिनिटं होती. तिला पुसायचं नव्हतं. छापील निघालं असतं तर पुढं काय, याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. दुसरा माल जगात नव्हता. सरांचं वर्ष संपत होतं. चार नग चांगले निघाले होते, आणि तिनं त्या चार नगांना घट्ट धरलं.

अडीच महिने रत्नपाल भिंगाखाली वाकून राहिला. रिळातला कितवा नग कोणत्या पाटीवर कुठं बसला, हे तो एका वहीत ओळीनं लिहून ठेवायचा. टीव्हीच्या दुकानातली सवय. संध्याकाळी डोळ्यांतून पाणी यायचं, तो खांद्याला डोळे पुसायचा आणि पुढचा नग उचलायचा. एकेक पाटी झाली की पुष्पांजली तिला साधा इशारा देऊन पाहायची. इशारा पलीकडून येत होता. काही पाट्यांवर गोंगाट थोडा जास्त वाटला, पण खोलीत ट्यूबलाइट होते, बाहेरचा गोंगाट अडवणारी लोखंडी पेटी अजून बसवायची होती. कारणं हवी असली की सापडतात. आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या गोंदियाच्या सकाळी अशा थंड असतात की गळणारी वीजही आखडून बसते.

सव्वीस मार्चला नागपुरात त्या पाट्यांना चकत्या जोडल्या. बाहेर पारा बेचाळीस अंशांकडं चढत होता. अकराच्या सुमाराला पडद्यावरच्या रेघा वर सरकायला लागल्या. आधी पाच-सहा, मग डझनावारी, जणू कुणी खालून उचलत होतं. दुपारी दोनला दोनशे छप्पन्नपैकी दोनशेच्या वर गेल्या. जिथं ती टोकदार रेघ यायची तिथं गढूळ ढिगारा होता. इंद्रकुमार सर खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "ट्रान्झिस्टर गळतोय का गं?"

तिनं कापूस ॲसिटोनमध्ये भिजवला आणि एका नगावरून फिरवला. कंपनीचं नाव कापसावर आलं. खाली दुसराच एक पुसट आकडा होता.

रत्नपालची वही तिच्या पिशवीत होती. संध्याकाळपर्यंत तिनं एकेक नग ताडून पाहिला. रिळातले पहिले अडतीस खरे. एकोणचाळिसाव्यापासून शेवटपर्यंत एकही नाही.

गोंदियाला परत आल्यावर तिनं रत्नपालला सांगितलं. तो ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "आता सगळे काढा लागतीन का?"

"काढून काय घालायचं, भाऊ?"

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा. तिला वाटलं, काहीतरी बोलावं याच्याशी. तेवढ्यात घंटा झाली, तिचा तास होता.

दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन लागत नव्हता, पत्त्यावर दुसरंच दुकान होतं. प्रयोग थांबणार नव्हता. परदेशातून तयार यंत्रं मागवायचं ठरलं. झालं ते कसं झालं हे ठरवायला जूनमध्ये चौकशी समिती बसली. पाच माणसं, लांब टेबल, थंड हवेचं यंत्र. सर एका टोकाला, निवृत्तीला सतरा दिवस. पुष्पांजलीनं सगळं मांडलं: उत्पादन बंद, अकरा महिने, बनावट माल. लोक टिपून घेत होते. ती बरं बोलत होती.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, एवढंच सांगा. आलेला माल तपासायचं काम कुणाकडं होतं?"

उत्तर सोपं होतं. माझ्याकडं. माझ्या सहायकाला संशय आला होता, त्यानं मधले नग काढा म्हटलं, मी नको म्हटलं. त्याची वही पायाशी ठेवलेल्या पिशवीत होती. तिनं टेबलाच्या टोकाला पाहिलं. सर तिच्याकडंच पाहत होते, सुरुवातीच्या त्या दहाव्या दिवशी पाहिलं होतं तसं.

"माल उघडणं, मोजणं, नोंद ठेवणं हे प्रयोगशाळा सहायकाकडं होतं," ती म्हणाली.

यात एकही शब्द खोटा नव्हता. अध्यक्षांनी चष्मा घातला आणि लिहून घेतलं. सगळी बैठक त्यानंतर दहा मिनिटांत आटोपली.

बाहेर जिन्यावर सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू काय करणार, पोरी," ते म्हणाले. "माणसं जशी मिळाली तशी." तिला तो हात झटकून टाकावासा वाटला. ती तशीच उभी राहिली.

अहवाल यायला फेब्रुवारी २०२० उजाडला. त्यात लिहिलं होतं की सर्किटची रचना तत्त्वतः योग्य असली तरी अप्रशिक्षित सहायकावर विसंबल्यामुळं माल तपासणीत आणि जुळणीत हयगय झाली. जुळणीत. ज्या माणसाच्या दोनशे छप्पन्न पाट्यांवरच्या डागांतला एकही सुटला नव्हता, त्याच्याबद्दल. तिनं ते वाचलं, कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि चावी फिरवली. आज नाही, उद्या लिहू, असं तिनं ठरवलं. उद्या परीक्षा होत्या. परवा शनिवार.

मार्चमध्ये सगळंच बंद झालं. वर्षभरानं महाविद्यालय उघडलं तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सला अकरा पोरं होती; शाखा बंद करायचं ठरलं. शिक्षकांना इकडंतिकडं वाटून घेतलं. पुष्पांजलीला पहिल्या वर्षाचं गणित मिळालं. सहायक तीन होते, एकाला ठेवायचं होतं. प्राचार्य म्हणाले, "शहारेचं काम चांगलं आहे, मला माहीत आहे. पण त्याच्या फाईलला संस्थेचा कागद लागलेला आहे. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

तेव्हाही तिला तोंड उघडता आलं असतं. खोलीत दोघंच होते. दार बंद होतं. ती म्हणाली, "तो फार चांगला माणूस आहे, सर." प्राचार्य म्हणाले, "हो ना," आणि दुसरी फाईल ओढली.

रत्नपाल जाताना भेटायला आला. त्यानं भिंग पुसून, कापडात गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवलं. "येतो, मॅडम." तिनं त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.

त्यानंतर तिच्या हातून सर्किट झालं नाही. कागद घेऊन बसायची, पहिला ट्रान्झिस्टर काढायची, आणि पेन्सिल तिथंच राहायची. असं आठवडे, मग महिने. कधी कधी एखादी कल्पना यायची, चांगलीसुद्धा, आणि आली तशी निघून जायची, जणू घर चुकलं होतं. गणित ती शिकवत होती. पोरं तिला चांगली शिकवते म्हणत. गावी गेली की धुरपताबाई ताटावर बसवून विचारायची, "काऊन व, जेवत काऊन नाई? अंग का दुखून राहिलं?" ती म्हणायची, "काई नाई, माय."

२०२२ मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध छापून आला. एकेचाळीस नावं. तेविसावं तिचं होतं. सुरुवातीच्या रचनेबद्दल, सौजन्यानं. ओमेशनं पुण्याहून ते पान आईला पाठवलं. आईनं शेजारच्या सुशीलाबाईला दाखवलं, आणि सुशीलाबाईनं साखर आणून दिली. पुष्पांजलीनं ती हातावर घेतली आणि खाल्ली. एकेचाळीस नावं तिनं एकदाच वाचली होती, खालपर्यंत; रत्नपालचं त्यात नव्हतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिनं संस्थेला पत्र लिहिलं. एक पान. संशय कुणाला आला, नकार कुणी दिला, समितीत कोण काय बोललं. वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. पाठवताना तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. सदर प्रकरणाची नस्ती बंद करण्यात आली असून अहवालात बदल संभवत नाही.

ते उत्तर पर्समध्ये घालून ती एका मंगळवारी दुपारी बाजारात गेली. एका साडीच्या दुकानाच्या कडेला चार फूट जागेत रत्नपालचा काउंटर होता. मोबाईल दुरुस्ती. दिव्याखाली वाकून तो एका फोनचं पोट उघडून बसला होता. त्याची बायको अन्नपूर्णा डबा घेऊन आली होती, स्टुलावर बसलेली. ती पुष्पांजलीला ओळखून होती. उठली नाही.

"या, मॅडम," रत्नपाल म्हणाला. केस पुरते पांढरे झाले होते.

"भाऊ, एक सांगायचं आहे तुम्हाला." आणि तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, रस्त्याच्या आवाजात. अध्यक्षांचा प्रश्न, तिचं वाक्य, पिशवीतली वही. सगळं.

रत्नपालनं चिमटा खाली ठेवला नाही. "मालूम हाय मले," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"कोन कायले सांगन? तो अहवाल आला तं ऑफिसातून मलेच देल्ला, तीन झेरॉक्स काढून आन म्हने. मशीनपाशी उभा होतो, वाचला. दुसऱ्या पानावर तुमचं बोलनं होतं."

तिचा हात काउंटरच्या काचेवर होता. तो तिनं काढून घेतला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"वाट पाहून राहिलो होतो. मनलं, मॅडम बोलतीन. महिनाभर पाहिली. मंग लॉकडाऊन लागलं."

तिनं पर्समधून पत्र काढलं. संस्थेला खरं लिहिलं, त्यांनी असं उत्तर दिलं, हे तिनं सांगितलं. रत्नपालनं कागद दिव्याखाली धरला, डोळे बारीक केले, आणि परत दिला. "नस्ती बंद म्हनजे फाईल बंद ना?"

"हो."

"मंग आता कायले आल्या?"

तिनं कागदाची घडी घातली. अन्नपूर्णानं स्टुलावरूनच वर पाहिलं. ती म्हणाली, "माफी मांगाले आल्या असतीन. मांगा, बाई. आन् जाऊ द्या त्याईले, जेवाची येळ हाय."

"माफ करा, भाऊ," पुष्पांजली म्हणाली. हे शब्द इतके लहान असतील असं तिला वाटलं नव्हतं.

रत्नपालनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, सांगता येत नव्हतं. "राग नाई मले, मॅडम," तो म्हणाला. "पन ते मनातून गेलं बी नाई. आता खोटं कायले बोलू?"

एक मोटारसायकलवाला गाडी अगदी काउंटरला भिडवून थांबला. "भैया, चार्जिंग नहीं ले रहा," त्यानं फोन पुढं केला, आणि मग तिच्याकडं वळून, "मॅडम, जरा साइड में होइए." पुष्पांजली बाजूला झाली. रत्नपालनं फोन हातात घेऊन दिव्याखाली फिरवला. अन्नपूर्णानं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

खोलीवरून स्टेशनापाशी कॉलेजची गाडी धरायला रत्नपालच्या काउंटरच्या गल्लीतून जवळ पडतं. पुष्पांजली हल्ली मोठ्या रस्त्यानं जाते, दहा मिनिटं जास्त लागतात. गणिताचा पहिला तास साडेनऊचा असतो. तिला कधी उशीर होत नाही.